पासंग

४ फेब्रुवारी, रविवार
वजन ४३.२

परवा हिचं नाव यादीत लागलं. ज्यांना दुसऱ्याची फुप्फुसं बसवायची, त्यांची यादी. ती सांभाळणाऱ्या बाई रुग्णालयात असतात. आम्ही घरात त्यांना यादीवाल्या बाई म्हणतो. त्यांनी दोन गोष्टी बजावून सांगितल्या. पहिली, एक फोन कायम चालू ठेवायचा. बोलावणं आलं की दोन तासांत पोचायचं. दुसरी, वजन. बेचाळीस किलोच्या खाली गेलं तर एवढं मोठं ऑपरेशन शरीराला झेपत नाही, नाव काढावं लागतं. "दर आठवड्याला वजन करून वहीत लिहीत चला," म्हणाल्या.

हे त्यांनी सांगितलं कोणाला, तर एकतीस वर्षं वजनकाटे दुरुस्त करणाऱ्या माणसाला. ही नळीतून ऑक्सिजन घेत घेत हसली आणि म्हणाली, "बाई, यांना एवढंच येतं."

म्हणून ही वही. नुसतं वजन न लिहिता चार ओळीही लिहा, असं मुलीनं सुचवलं. मला आजवर लिहायची सवय ती फक्त पावतीपुरती.

दुकानातला जुना दांडीचा काटा घरी आणला आणि बैठकीत खिडकीशी मांडला. खाली उभं राहायचा लोखंडी पाट, मागे खांब, खांबावर आडवी दांडी, दांडीवर सरकतं वजन. बॅटरी नाही, स्प्रिंग नाही. दांडी तरंगली की समजायचं, बरोबर. अंगातल्या हाऊसकोटाचं वजन वजा केलं आणि वर लिहिलं. बेचाळीसच्या वर एक किलो दोनशे ग्रॅम. तेवढ्यावर आमचा संसार उभा आहे.

९ फेब्रुवारी, शुक्रवार

आज एका भंगारवाल्याचा काटा दुरुस्तीला आला. गिऱ्हाइकांची तक्रार होती म्हणे. मी पाट उचलला तर खाली लोहचुंबक चिकटवलेलं. त्याला म्हटलं, "काटा बरा आहे, दुरुस्ती तुझी करायला हवी." गडी लाजला नाही, उलट मलाच विचारू लागला की कसं ओळखलंत.

ओळखतो. पाटाखाली चुंबक, ताटाला आतून मेण, बाहीत अडकवलेली साखळी, सगळं बघून झालंय. जुन्या तराजूत एक पारडं हलकं असलं की त्याला खालून चिंधी नाहीतर खडा बांधत. त्याला पासंग म्हणतात. तोही मी दुकानाच्या दारातून ओळखत असे. आणि ज्यांचा माल कमी भरतो ते सगळे एकच वाक्य बोलतात, "तुमचा काटा कमी दाखवतो." एकतीस वर्षं ऐकतोय. माझं उत्तर ठरलेलं आहे, माझा काटा कमी दाखवत नाही.

घरी येऊन हिला चुंबकाची गोष्ट सांगितली. नेहमीसारखं चिडवत म्हणाली, "इन्स्पेक्टर, तुम्हाला फसवणारा अजून जन्माला यायचाय."

१८ फेब्रुवारी, रविवार
वजन ४२.४

दोन आठवड्यांत आठशे ग्रॅम गेले. मी सकाळी दोन अंडी, दुपारी साय, चार वाजता केळं आणि दूध असं बसवून दिलंय. ती खाते. पण घास चावायलासुद्धा श्वास लागतो, हे मला आधी कळत नव्हतं. अर्धं अंडं झालं की दमून मागे टेकते. डॉक्टरांनी समजावलं होतं, फुप्फुसं आतून घट्ट होत चालली आहेत, श्वास घेणं हीच तिची दिवसभराची मजुरी. खाल्लेलं सगळं त्या मजुरीत जातं. अंगी लागत नाही.

मुलगी पोस्टातून येताना चॉकलेटं घेऊन आली. दोघी मायलेकी बिछान्यावर बसून खात होत्या. तेवढं बघून बरं वाटलं.

२५ फेब्रुवारी, रविवार
वजन ४२.१

आज माझं डोकं फिरलं. दांडी तरंगेना म्हणून वजन मागे मागे सरकवत गेलो. तिला म्हणालो, तू मनावर घेत नाहीस, केळं उशीखाली लपवतेस. लपवलं होतं खरं. मग मी जे बोललो ते लिहितो, म्हणजे कायम लक्षात राहील. म्हणालो, "यादीतून नाव गेलं तर त्या दिवशी मी दुकानाला कुलूप लावीन आणि इथेच भिंतीकडे तोंड करून बसेन. मग मला उठवायचं नाही कोणी."

जेवलो नाही. संध्याकाळीही नाही. तीच भिंतीला धरत धरत दूध घेऊन आली. स्वयंपाकघरापासून माझ्या खुर्चीपर्यंत अकरा पावलं आहेत आणि तिला मध्ये दोनदा थांबावं लागलं. म्हणाली, "मी वाढवते वजन. तुम्ही जेवा."

२८ फेब्रुवारी, बुधवार

रुग्णालयात तपासणी. आत एकालाच सोडतात, मुलगी गेली. मी सिलिंडर बदलून घ्यायच्या रांगेत. बाहेर आल्या तेव्हा मुलीचे डोळे लाल होते. फरशी पुसायचं औषध चुरचुरतं म्हणाली. त्या वासानं मलाही होतं तसं.

मी विचारलं, "नाव आहे ना?" ही म्हणाली, "आहे. महिन्यानं बोलावलंय."

परतताना तिनं गाडीतच फर्मावलं की शिवणयंत्र माळ्यावरून खाली काढा, आता थोडं शिवणार. चार महिन्यांत तिनं यंत्राला हात लावला नव्हता. माणसाला उमेद आली की असं होतं.

३ मार्च, रविवार
वजन ४२.५

चारशे ग्रॅम वाढलं!

दोनदा केलं. पाट पुसून पुन्हा केलं. तेच. जिवात जीव आला. शेजारच्या चष्मेवाल्याला उगाचच हाक मारून सांगितलं.

तिनं स्वतःसाठी नवा हाऊसकोट शिवलाय. जाड, अस्तराचा, खाली हातभर रुंद दुमड घातलेला. पायांना गार लागतं म्हणाली. जुना सातशे ग्रॅम भरायचा. हाही तेवढाच आहे, मी काल दुकानात मुलीकडून वजन करून घेतलं, असं म्हणाली. मी सातशे वजा केले.

१० मार्च, रविवार
वजन ४२.९

पडद्यांच्या दुकानातून पार्सल आलं. पडद्याचा खालचा काठ सरळ पडावा म्हणून दुमडीत शिशाची पट्टी घालतात, ती. एवढी कशाला, तर म्हणे पडद्यांची जुनी कामं अर्धवट राहिलीत. मी कुरकुरलो, श्वास नाही आणि पडदे कसले शिवतेस. "तुम्ही तुमची वजनं सांभाळा, मी माझी सांभाळते," म्हणाली.

जिभेची धार शाबूत आहे. आजारी माणसाचं हे लक्षण चांगलं.

२७ मार्च, बुधवार

तपासणी. या वेळी बराच वेळ लागला. मुलगी आधी एकटीच बाहेर आली आणि तडक पाण्याच्या नळाकडे गेली. मग यादीवाल्या बाई हिला चाकाच्या खुर्चीतून घेऊन आल्या. मला बघून काही बोलणार होत्या, पण हिनंच मध्ये म्हटलं, "बाई, मी सांगते त्यांना." आणि मला म्हणाली, "सगळं जिथल्या तिथे आहे. फोन जपा."

मग जायची घाई करेना. त्या लांबलचक बाकावर आम्ही अर्धा तास बसलो. चारचौघांत तिनं माझा हात धरला. एकतीस वर्षांत असं केलं नव्हतं, लग्नाच्या फोटोतसुद्धा नाही. मी म्हणालो, "अगं, लोक बघतायत." म्हणाली, "बघू देत. काट्यावर थोडंच उभे आहोत."

७ एप्रिल, रविवार
वजन ४३.८

लेक म्हणते तुम्हीच बारीक होताय. मी म्हणतो, घरात एकानं वाढायचं तर दुसऱ्यानं कमी व्हायला नको का?

अंगठी सारखी गळून पडते म्हणून तिनं आतून दोरा गुंडाळलाय. बोटं आधी उतरतात आणि अंग मागून भरतं, असं असेल. तोंडावरही मांस दिसत नाही. पण काटा सांगतो ते खरं, डोळ्यांना काय कळतं. डोळ्यांवर विसंबलो असतो तर माझं दुकान कधीच बुडालं असतं.

एक गोष्ट मला करावीच लागते. ती पाटावर हलते, खांब धरते. खांब धरला की दांडी खोटी बोलते. म्हणून सांगतो, हात सोड, एक मिनिट स्थिर उभी राहा. आज ते एक मिनिट तिला फार गेलं. ओठ निळे पडले. मुलगी माझ्या अंगावर ओरडली, "बाबा, बस झालं ना." मी म्हटलं, मोजायचं तर नीट मोजायचं.

१६ एप्रिल, मंगळवार

तो फोन वाजला! दुपारी, जेवताना. हात उष्टा, तसाच धावलो. स्टूल पडलं. पलीकडून कोणी मुलगा विचारत होता, आमच्या सेवेला दहापैकी किती गुण द्याल. त्याला काय वाट्टेल ते बोललो, मग वाईट वाटलं.

परत आलो तर ही शांतपणे माझ्या ताटावर झाकण ठेवत होती. मी विचारलं, "तुझं काळीज नाही हललं?" म्हणाली, "तुम्ही धावलात ते बघत होते. अजून चांगले धावता." स्वभावच थंड आहे तिचा.

२४ एप्रिल, बुधवार

आजच्या तपासणीलाही मी नेहमीसारखा सिलिंडरच्या रांगेत. घरी येऊन फाइल कपाटात ठेवताना एक चिठ्ठी खाली पडली. आजचीच. वजन: ४०.१.

चिठ्ठी खिडकीशी नेऊन पुन्हा वाचली. माझ्याकडे रविवारी ४४.३ भरलंय. तीन दिवसांत चार किलो कुठे जातात? मग प्रकाश पडला. त्यांचा काटा बिघडलाय. पांढरे चपटे बॅटरीवाले काटे ते. कोणी तपासत नाही, जमिनीला खळगा पडला तरी पाहत नाहीत. आणि त्या खेळण्याच्या जोरावर उद्या माझ्या बायकोचं नाव खोडतील!

हिला नाही सांगितलं, उगाच घाबरेल. रुग्णालयाला पत्र लिहिलं. मी परवानाधारक दुरुस्तीवाला आहे, आपला काटा चार किलो कमी दाखवतो, काहीही न घेता दुरुस्त करून देईन.

५ मे, रविवार
वजन ४४.६

पत्राला उत्तर नाही. परवा स्वतःच जातो.

७ मे, मंगळवार

लिहायला बसलोय, पण सुरुवात कुठून करू.

प्रमाण वजनांची पेटी घेऊन गेलो. सरकारी शिक्क्याची, वीस किलोची दोन आणि सुटी. यंत्रं बघणारा तिथला तंत्रज्ञ भला माणूस निघाला. म्हणाला, "पत्र वाचलंय काका, या, तुमच्या मनाचं समाधान होऊ द्या." तपासणीच्या खोलीत कोणी नव्हतं. मी काट्याखाली पाणसळ लावली, जमीन सपाट. वीस ठेवलं, वीस. चाळीस ठेवलं, चाळीस. वर शंभर ग्रॅमचं ठेवलं, चाळीस पूर्णांक एक. चारही कोपऱ्यांवर ठेवून पाहिलं. पन्नास ग्रॅमचाही फरक नव्हता.

एकतीस वर्षांत इतका बरोबर काटा मी क्वचित पाहिलाय.

वजनं पेटीत भरत होतो तोच यादीवाल्या बाई दारात. बहुतेक तंत्रज्ञानं बोलावलं असावं. मी विचारलं, "बाई, चाळीस खरं असेल तर नाव?" त्या माझ्यासमोर खुर्ची ओढून बसल्या. "तुम्हाला घरी सांगितलं नाही का? नाव मार्चच्या सत्तावीस तारखेलाच काढलं. फेब्रुवारीत आम्ही एक महिना थांबलो होतो, पण वजन उतरतच गेलं. तुमच्या बाई म्हणाल्या, मी सांगते त्यांना."

पेटी मला उचलेना. तंत्रज्ञानं गाडीपर्यंत आणून दिली.

८ मे, बुधवार

घरचा काटाही काल येताच तपासला. तोही खरा. दोन खरे काटे, एक बायको आणि दोन वजनं. अशा वेळी कुठे बघायचं हे मी दुसऱ्यांना शिकवलंय. काटा खरा असेल तर लबाडी मालात असते.

ती झोपली होती. दाराच्या मागे हाऊसकोट टांगलेला. मी त्याची खालची दुमड चिमटीत धरली. शिशाची पट्टी, एकावर एक, तीन-तीन थर, मध्ये बारीक टाके. असं सरळ काम. कुठे खळखळू नये म्हणून प्रत्येक पट्टी कापडात वेगळी गुंडाळलेली. दुकानात नेऊन ताटात टाकला. सातशे नव्हे, पाच किलो सहाशे.

जगातल्या प्रत्येकाचा माल मी ताटात घालून बघितला. हा एक हाऊसकोट तेवढा बायकोच्या शब्दावर घेतला.

दुपारी मुलीला पोस्टातून बाहेर बोलावलं. ती तिथेच पायरीवर बसून रडली. म्हणाली, "बाबा, मी सांगणार होते. आई म्हणाली, ते भिंतीकडे तोंड करून बसतील म्हणालेत. तो फोन चार्जिंगला लावायला म्हणून तरी ते सकाळी उठतात. तेवढं राहू दे त्यांना."

मला राग आला नाही. राग आला असता तर बरं झालं असतं. मला एकच दिसतंय. अकरा पावलांत दोनदा थांबणारी ही बाई दर रविवारी पाच किलो अंगावर घेऊन त्या पाटावर चढत होती. आणि मी समोर उभा राहून सांगत होतो, हात सोड, एक मिनिट स्थिर राहा. तिच्यासाठी मी वजन मोजत नव्हतो, मी ते तिच्यावर लादत होतो. हे मला मरेपर्यंत सलणार.

मुलीला म्हटलं, आईला यातलं काही बोलू नकोस. मला कळलंय हे कळलं तर तिची सगळी मेहनत वाया जाईल.

११ मे, शनिवार

तीन दिवस विचार केला. वजन करणं बंद केलं तर तिला संशय येईल. चालू ठेवलं तर तिला ते शिसं पुन्हा उचलावं लागेल. परवा मुलीनं चोरून पाहिलं, आणखी एक पट्टी शिवत होती. सुई ओवायला वीस मिनिटं लागली.

आज ती आत पडलेली असताना मी काट्याचा पाट उचलला. त्याखाली पोकळी असते, लोखंडी पट्ट्यांचे सांगाडे असतात. त्यांवर दोन किलोची दोन वजनं ठेवली, एक किलोचं एक, दोनशे ग्रॅमचं एक. हलू नयेत म्हणून चिंध्या भरल्या. पाट पुन्हा बसवला. दांडीला कडी लावून ठेवली, म्हणजे आधीच वर गेलेली दिसायला नको.

पाच किलो दोनशेचा पासंग. भंगारवाल्याला मी काय काय बोललो होतो. काट्यावरचं सरकारी सील तोडावं लागलं नाही, एवढीच काय ती अब्रू राहिली.

१२ मे, रविवार
वजन ४४.७

सकाळी दहाला तिला खुर्चीतून काट्याशी आणलं. हाऊसकोट अंगात होता. मी म्हणालो, "आजपासून हा काढून करू. उकाडा आहे, आणि सातशे वजा करायची कटकट नको."

मुलगी जागच्या जागी थिजली. तिला मी पाटाखालचं सांगितलं नव्हतं.

"राहू दे ना," ही म्हणाली. "मला गार लागतं."

"मे महिन्यात? काढ. एक मिनिटाचं काम."

ती माझ्याकडे बघत राहिली. शाळेत खोड्या करताना सापडलेल्या मुलीसारखं तोंड झालं होतं. मग एकेक बटण काढू लागली. फार सावकाश. हाऊसकोट खुर्चीवर पडला तेव्हा धप्प आवाज झाला आणि आम्हा तिघांपैकी कोणीही तो ऐकला नाही. आतल्या गाऊनमध्ये ती एवढीशी होती. मी दोन्ही हात धरून तिला पाटावर चढवलं. पाट वाजलासुद्धा नाही.

"खांब धर हवा तर," मी म्हटलं.

"धरला की दांडी खोटी बोलते ना?"

"आज धर."

कडी काढली. वजन चव्वेचाळीसवर सरकवलं, मग बारीक खाचांवर. सातवर दांडी तरंगली. लग्नानंतर पहिली दोन वर्षं दुकानात माझ्याबरोबर तीच उभी राहायची. दांडी तिला माझ्याइतकीच वाचता येते. तिनं दांडीकडे पाहिलं. मग हळूच खाली, पायाखालच्या पाटाकडे. मग माझ्याकडे.

"काटा बरोबर आहे ना?"

"माझा काटा आहे," मी म्हणालो.

तिनं दांडी पुन्हा एकदा वाचली. मग म्हणाली, "शंभर ग्रॅम वाढलं की."

"वाढणारच. मूठभर मांस चढलंय अंगावर."

आणि ती हसली. हसता हसता खोकला आला. मुलीनं खुर्ची पुढे केली, आम्ही तिला बसवलं, नळीची हवा वाढवली. खोकला शमला तरी तिचे डोळे हसतच होते. जरा दम आल्यावर तिनं मला खूण करून जवळ बोलावलं.

"इन्स्पेक्टर, सील शाबूत आहे ना?"

"शाबूत."

तिनं माझ्या हातावर दोनदा थोपटलं. मग मुलीला म्हणाली, "तो हाऊसकोट कपाटात ठेवून दे गं. जड होतो मला."

१९ मे, रविवार
वजन ४४.७

आज तिला उभं राहवलं नाही. मागच्या आठवड्याचंच लिहायचं असं तिघांचं ठरलं. तिनं विचारलं, "फोन चार्ज आहे?" मी काढून दाखवला. पूर्ण भरलेला. "छान," म्हणाली.

आता एकमेकांना सांगण्यासारखं आमच्यात काही उरलेलं नाही. दिवसभर शेजारी बसून असतो. ती झोपेत माझं बोट धरते. अंगठीवरचा दोरा मी बदलून दिला.

२३ मे, गुरुवार

सकाळी सव्वाअकराला गेली. हात माझ्या हातात होता. मुलगी उशाशी होती. फार त्रास झाला नाही असं डॉक्टर म्हणाले. मी मोजत होतो, शेवटच्या दोन श्वासांमध्ये खूप अंतर होतं.

१६ जून, रविवार

आज काटा उघडला. इतके दिवस हात होत नव्हता. चिंध्या काढल्या, चार वजनं काढून पेटीत जागच्या जागी ठेवली. कडी काढल्यावर दांडी जरा डुलली आणि शून्यावर येऊन थांबली.

मग तिचा हाऊसकोट दुकानात नेऊन पुन्हा तोलला. पाच किलो नऊशे. म्हणजे ती नवी पट्टी शिवून झाली होती. तीनशे ग्रॅम, त्या रविवारसाठी. मलाही वाढवायचं होतं आणि तिलाही. हाऊसकोट तसाच ठेवलाय. टाके उसवायचे नाहीत असं मुलीला सांगितलं.

काटा दुकानात परत नेणार होतो, पण मुलीनं अडवलं. "आधी तुम्ही उभे राहा," म्हणाली. मी टाळाटाळ केली, चालली नाही. चपला काढून उभा राहिलो. ती आईसारखीच एक डोळा बारीक करून दांडी वाचते. मागे मागे सरकवत गेली.

"त्रेपन्न चारशे. बाबा, फेब्रुवारीत तुम्ही एकसष्ट होतात. दुपारचं जेवता ना नक्की?"

"जेवतो की."

"मग?"

मी पाटावर उभा होतो. खांब धरला होता.

"काटा कमी दाखवतो," मी म्हणालो.

तिनं माझ्याकडे पाहिलं, मग स्वयंपाकघरात गेली आणि दोन ताटं घेतली.